उक्षीचं पाणी

“ह्याला तुमच्यात काय म्हणतात हो?”

अठ्ठावीस वर्षं झाली, तरी तो आवाज नामाच्या कानातून गेला नव्हता. पुण्याचे कुणी प्राध्यापक तेव्हा ठाकुरवाडीला गाडीतून उतरले होते. पाठीवर पानं दाबायच्या रद्दी कागदांचं ओझं, डोक्याला पंचा. डोंगरातली झाडं गोळा करायची होती त्यांना. वाट दाखवायला वीस वर्षांचा नामा मिळाला. चौदा दिवस दोघं हिंडले. कडा चढले, ओहळ उतरले. तो माणूस पान खुडायचा, नामाकडे बघायचा, विचारायचा, आणि नामा सांगेल ते नाव शाईनं लिहून घ्यायचा. नामाशी तोवर कुणी असं ‘हो’ लावून बोललं नव्हतं, आणि त्याचं बोलणं कुणी लिहून तर मुळीच घेतलं नव्हतं.

एवढं तो कधीमधी सांगायचा. पुढचं सांगत नसे.

आता साल एक्क्याऐंशी. नामा भिवपुरीच्या वीजघरात फिटर. क्वार्टर्समधल्या दोन खोल्या, गावाकडे भाताचा तुकडा, आणि एकुलती शकू कॉलेजात. तिसऱ्या वर्षाला एकच विषय घ्यायचा होता. केमिस्ट्री, नाहीतर वनस्पतिशास्त्र, त्यातही परिसरविज्ञान. फॉर्मवर बापाची सही हवी होती, सोमवारच्या आत.

शनिवारी खोपोलीहून लडकूमामा आला तो ठरवूनच आला.

“केमिस्ट्री घे गं पोरी. पास झाली का म्हैन्याभरात कारखान्याच्या लॅबोरेटरीत. सातशे रुपये, वर कंपनीची बस. त्या दुसऱ्या डिगरीला काय हाय?”

“रान कसं जगतं ते हाय, मामा. कोन कुनाच्या आधारानं वाढतं, काय तोडलं का काय मरतं.”

“आनि पगार?”

शकूनं मामाच्या ताटात भात वाढला.

“गवत मोजून पगार देनारा मानूस मला दाखव, मी सोता तुला त्याच्या दारात नेऊन सोडतो.”

“गवत मोजायला आपली म्हैस हाय की गावाकडं,” स्टोव्हला पंप मारता मारता शकूची आई गोदूबाई म्हणाली. “ती फुकट मोजते, वर दूध देते.”

सगळे हसले. शकूही हसली. मग बापाकडे वळली. “आबा, तुमी सांगा.”

नामानं भिंतीकडे पाहिलं. “मामा बोलतो त्यात खोटं काय हाय?” तो म्हणाला. शकूनं ताटातला भात चिवडला आणि तशीच उठली.

रविवारी नामा राबाला निघाला. भात पेरायच्या आधी जमीन भाजायची, त्यासाठी फाल्गुनातच फांद्या तोडून वाळत टाकायच्या, हे दर सालचं काम. शकू न बोलता मागून आली. तो ऐनाच्या झाडावर चढला, कोयता चालू झाला. खाली तिनं चार काठ्या बांधून केलेला चौकोन जमिनीवर टाकला आणि आतली रोपटी मोजू लागली. एकेक बोटानं, वहीत रेघा ओढत.

“शेंडा का सोडता, आबा?”

“शेंडा राहिला तर झाड पुन्ना येतं.”

तिनं तेही लिहिलं. थोडी पुढं सरकली, एका वेलीशी थांबली. फिकट हिरव्या फुलांचे घोसच्या घोस, वाळक्या कागदासारखे.

“आबा, ह्याला आपल्यात काय म्हणतात?”

कोयता थांबला. वर नुसती पानं हलत राहिली. मग नामा हळूहळू खाली उतरला, हातावरची साल झटकली, वेलीपाशी आला.

“ही उक्षी. थांब.”

त्यानं मनगटाएवढं खोड वर छाटलं, खाली छाटलं आणि तुकडा तिच्या तोंडावर तिरपा धरला. थेंब आला, मागोमाग धार. शकू ओंजळ लावून प्यायली, हनुवटी भिजवून घेतली.

“पुस्तकात हिचं नाव हाय, आबा. पानी हाय असं कुठंच लिवलेलं नाय!”

ते डोळे नामानं पूर्वी एकदा पाहिले होते. ह्याच डोंगरावर, पंच्याखाली.

“फॉर्म आनलाय?”

वहीतून घडी निघाली. विषयाची ओळ कोरी होती.

“तुझा रानाचा लिव.”

“पगार नाय त्यात. मामा खरं सांगतो.”

“खरंच सांगतो तो. लिव.”

तिनं लिहिलं. त्यानं ओल्या हातानं सही केली. शाई जरा फुटली.

“मग काल का नाय बोललात?”

नामानं कोयता उचलला, परत खाली ठेवला. दरीत गाडी घाट चढत होती.

“त्या साहेबाचं पत्र आलं होतं मला, शके. पुन्याला या म्हनून. पानं कागदावर चिकटवायची, खाली नावं लिवायची. साठ रुपये. त्याच आठवड्यात वीजघरात पंच्याऐंशीवर लागलो. बा म्हनाला, इचार कसला करतो? मी उत्तर पन नाय धाडलं. तुझ्या आयेलाही ठाव नाय हे.”

शकूनं फॉर्म पुन्हा वहीत ठेवला.

“मला जायाचं होतं गं,” नामा म्हणाला. “लय जायाचं होतं.”