खडशी काय खातो

मधुसूदन ताम्हनकरांना शिळवलीत सगळे सर म्हणत, आणि ते ऐकताना सर दर वेळी थोडे ओशाळत. सांगलीच्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, पण ती प्रयोगशाळेत बरण्या पुसत, मुलांसमोर बेडूक मांडत. शिकवलं कधी नाही. वर्गात उभं राहण्याच्या कल्पनेनेच त्यांच्या तोंडाला कोरड पडे. जे काही कळलं ते पुस्तकांतून, आणि ते खरंच कळलं की नाही याची शंका कायम सोबतीला.

एक गोष्ट मात्र त्यांना नक्की ठाऊक होती. खडशी काय खातो.

कराडच्या वर कृष्णा एका खडकाळ पट्ट्यातून खळाळत येते आणि शिळवलीच्या देवळाखाली एकदम शांत होते. वरच्या खळाळाला गाव धार म्हणतं, खालच्या शांत पाण्याला डोह. डोहावर तीन उंबर वाकलेले आहेत. ह्या डोहात खडशी राहत. पुस्तकं त्याला महशीर म्हणतात. तळहाताएवढी खवलं, उन्हात तांब्यासारखी चकाकणारी पाठ, एकेक मासा दहा-दहा, पंधरा-पंधरा किलोंचा. बाकीच्या नदीतून तो जवळजवळ गेला. वाळू उपसली, बंधारे बांधले, कारखान्यांचं पाणी आलं. शिळवलीत तो उरला, कारण शिळवलीत तो देवाचा होता. कुणी गळ टाकत नसे. एखादा मेलाच तर त्याला कोऱ्या कापडात गुंडाळून उंबराखाली पुरायचं आणि बारा दिवस तिथं दिवा लावायचा, अशी रीत. देवाचे मासे शाकाहारी, एकादशीला ते कणकेच्या गोळ्यालाही तोंड लावत नाहीत, असं गावात सांगत.

सर बारा वर्षं वही घेऊन त्या डोहाकाठी येत होते. २००९च्या मे महिन्यात एक मोठा मासा उलटा होऊन वर आला. देवळाचे गुरव नाथाजी तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या बायकोने, साळूबाईने, मासा कापडात बांधला आणि सरांच्या हातात दिला.

"सर, तुमीच पुरा. त्यास्नी घरातनं हलता येईना. आन् तुमच्याएवढी माया ह्या माशांवर कुणाची हाय?"

एवढं बोलून ती नवऱ्याचा काढा बघायला घरात गेली.

काठावर केळीचा एक तोडलेला खुंट पडला होता, लांबीला माशाएवढाच. त्याच्याकडे सरांची नजर गेली ती गेलीच. आयुष्यात एवढं झटपट काही त्यांनी कधी केलं नव्हतं. कापडात खुंट गेला, खड्ड्यात कापड गेलं, आणि मासा गोणपाटात गुंडाळून, वर ओला पाला घालून, एसटीने सांगलीला आला. संध्याकाळी रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी त्याचं पोट उघडलं. त्यात उंबराच्या बिया होत्या, शेवाळ होतं. पण निम्म्याहून अधिक होत्या खेकड्यांच्या नांग्या, घशातल्या दातांनी चुरलेल्या गोगलगायी, वाहत्या पाण्यातल्या दगडांखाली राहणाऱ्या किड्यांच्या अळ्या, आणि बोटाएवढे दोन मासे. सरांनी एकेक जिन्नस तोलून वहीत लिहिला. धारेतले दगड म्हणजे ह्या माशाचं स्वयंपाकघर आहे, असंही एक वाक्य लिहिलं, आणि फारच लेखकी वाटलं म्हणून खोडलं.

वही कपाटात गेली. कुणाला दाखवायची? पहिला प्रश्न हाच आला असता, की हे तुम्हाला कसं कळलं?

त्या उन्हाळ्यातच नाथाजी गेले. त्यानंतर साळूबाई दर अमावस्येला त्या जागेवर दिवा लावू लागली. शेवटचा मासा त्यांच्या हातनं पुरायचा राहिला म्हणून, असं म्हणायची.

पुढे काही वर्षांनी घाट समिती झाली. हंबीरराव तिचे अध्यक्ष, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, सरळ मनाचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी घाटावर फलक लावायचा ठरवला आणि मजकुरासाठी सरांना फोन केला. सरांनी चार रात्री घालवून आठ ओळी लिहिल्या. आहाराची ओळ अशी होती : 'हा मासा उंबराची पडलेली फळे व शेवाळ खाऊन राहतो.' लिहिलेलं खोटं नव्हतं. साळूबाईला वाईट वाटेल, गावाची श्रद्धा दुखावेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. केळीच्या खुंटाचा विचार त्यांनी स्वतःपाशीसुद्धा काढला नाही.

फलकाने हंबीररावांना हुरूप आला. लोक गाड्या करून येऊ लागले, चुरमुरे टाकू लागले, फोटो काढू लागले. धारेतल्या दगडांवरून दोन-तीन माणसं घसरली, एका बाईचा हात मोडला. मग समितीने ठरवलं की घाट वरपर्यंत वाढवायचा. धारेतले दगडगोटे काढायचे, तळ सपाट करून सिमेंट ओतायचं, म्हणजे बायामाणसांना निर्धास्त पाण्यात उतरता येईल.

सरांना हे फोनवर कळलं.

"सर, रविवारी सभा हाय. तुमी यायलाच पायजे," हंबीरराव म्हणाले. "माशास्नी काय तरास हुनार आसंल तर तसं तोंडावर सांगा. मी काम तिथंच थांबवतो. सुभेदाराचा शब्द हाय."

रविवारी सर वही पिशवीत घालून सकाळच्या गाडीने निघाले. तासगावपर्यंत त्यांनी बोलायची पहिली दोन वाक्यं तयार केली. विट्याला ती बदलली. कराडला उतरले तेव्हा एकही आठवत नव्हतं.

देवळासमोर सभा भरली होती. सरांना पुढे, हंबीररावांशेजारी खुर्ची. बायका डाव्या बाजूला सतरंजीवर, त्यांत साळूबाई. सरांना बघून ती हसली, डोक्यावरचा पदर नीट केला.

मागून ज्ञानू ट्रॅक्टरवाला ओरडला, "आदी माशास्नी इचारा की! त्येंची सही न्हाई घेतली व्हय?"

"तुझीच घेतो, गड्या. तू बी दिसभर पाण्यातच आसतोस की," हंबीरराव म्हणाले, आणि सभा हसली. मग ते सरांकडे वळले. "सर, एकच इचारतो. त्या धारंतल्या दगडात आपल्या माशाचं काय खाणंपिणं हाय का? आसलं तर सांगा. न्हाईतर सोमवारी पोकलेन येतंय."

सर उठले. वही हातात होती. पान कोणतं ते बघायचीही गरज नव्हती, नुसतं वाचायचं होतं. खेकडे, चाळीस ग्रॅम. गोगलगायी, पासष्ट ग्रॅम. मग कुणीतरी विचारलं असतं, सर, हे तोललं कवा? आणि साळूबाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं असतं.

ती तशीही बघतच होती.

"खाण्याचं म्हणाल तर..." सरांचा आवाज पुढच्या दोन रांगांपलीकडे गेला नसावा. "मुख्य म्हणजे उंबर. उंबरांना धक्का लागता कामा नये."

"बास!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "उंबराच्या पानाला बी कोण हात लावनार न्हाई. मी सोत्ता पार बांधून देतो."

टाळ्या झाल्या. सरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. खाली बसताना वही खुर्चीखाली पडली, ती ज्ञानूने उचलून, झटकून, न उघडता परत दिली.

पोकलेन सोमवारी आलं. पंधरा दिवसांत धार सपाट झाली. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून आवाज न करता, गाळ घेऊन आलं. मासे पूर्वी ह्याच दिवसांत वर गोट्यांत अंडी घालायला चढत. आता गोटेच नव्हते. दिवाळीला सर गेले तेव्हा डोहात वीसेक मासे होते, चुरमुऱ्यांनी फुगलेले आणि सुस्त. पुढच्या उन्हाळ्यात सहा. उंबरं होती तशीच पाण्यात पडत होती.

ऑक्टोबरात साळूबाईचा फोन आला. "सर, चार दिस झालं. एक बी वर आला न्हाई. येतासा का?"

ते गेले. दुपारचे चार वाजले होते, घाटावर कुणी नव्हतं. साळूबाई शेवटच्या पायरीवर ताटात कणकेचे गोळे घेऊन बसली होती. सर तिच्यापासून दोन पायऱ्या वर बसले.

"काय झालं आसंल, सर?"

कुणी ऐकत नव्हतं आणि वाचवायला काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, सरांना बोलता आलं.

"उपाशी गेले. नुसत्या उंबरांवर भागत नाही त्यांचं. त्यांना खेकडे लागतात, गोगलगायी लागतात. ते सगळं धारेच्या दगडांत होतं."

साळूबाईने मान वळवली. "व्हय की. खेकडं तर लय खायचं."

सरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आवं, रोज भांडी घासाया बसत हुते मी धारंला. पायाजवळ येऊन खेकडं फोडायचं. कडाकडा आवाज यायचा. समद्या बायास्नी ठावं हाय."

"पण गाव तर शाकाहारी म्हणतं..."

"म्हणाया काय जातंय? पावण्यास्नी सांगाया बरं दिसतंय. देव काय खातो ते त्यो बघंल की. आमी कशाला त्याच्या ताटात डोकवू?"

"मग सभेत का बोलला नाहीत?" सरांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "तुम्ही सगळ्या तिथं होतात! एकीने तरी म्हणायचं!"

"तुमी पुढं बसला हुतासा की." साळूबाईच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी उठनारच हुते. म्हणलं, आदी सर काय म्हणत्यात बघू. तुमी म्हणलासा उंबर. फलकावर बी त्येच. मला वाटलं, खेकडं फोडत आसतील, पर गिळत नसतील. शिकल्यालं माणूस सांगतंय म्हंजी आपलंच डोळं चुकलं."

इतकी वर्षं ज्या श्रद्धेला जपायचं म्हणून ते गप्प बसले होते, तिला काही दुखणारच नव्हतं. त्यांनी जपलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि आता तेही बोलून टाकावं, एवढंच उरलं होतं.

"साळूबाई, मी तो मासा पुरला नव्हता. तुम्ही दिलेला. मी तो सांगलीला नेला आणि त्याचं पोट फाडून बघितलं. म्हणून मला ठाऊक होतं."

तिला समजायला वेळ लागला.

"मग पुरलं काय?"

"केळीचा खुंट."

साळूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग ताटाकडे. सरांनी वाट पाहिली. तिने शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. कदाचित ते तिलाही कळलं असावं.

"पोट फाडलंसा ते फाडलंसा," शेवटी ती म्हणाली. "मग आत काय घावलं त्ये तरी सांगायचं हुतं."

तिने गोळे पाण्यात टाकले. पाणी लगेच खळबळलं. काळपट, वीतभर लांबीचे, काटेरी पाठीचे शेकडो मासे एकमेकांवर चढत वर आले, आणि गोळे खाली जायच्या आत संपले.

"ह्ये कोण?"

"चिलापी. धरणातून आलेत."

"ह्ये काय खात्यात?"

"मिळेल ते."

"बरं हाय," साळूबाई म्हणाली. "ह्येंचं कुणी लिवायला नगं."

ताट विसळून ती उठली आणि गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढू लागली. सरांच्या जवळून जाताना तिने पदर आवरून घेतला, त्यांना लागू नये असा. कराडची गाडी साडेपाचला होती. सर तिथेच बसून राहिले, कारण थांब्यावर जायचं तर तिच्या घरावरून जावं लागत होतं.