उजव्या हाताचे फटकारे

मंदाकिनीबाईंनी कॅनव्हासवरच्या लाल फुलाला नख लावून पाहिलं. रंग ओला होता, आणि इतका जाड, की नखाबरोबर त्याची सालच निघाली. त्यांनी नख पदराला पुसलं, चष्मा वर सरकवला आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

शेजारी स्टुलावर एका जर्मन चित्रकाराचं पुस्तक उघडं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीचा गृहस्थ. पक्षाघातातून उठल्यावर थरथरत्या हाताने त्याने ही फुलदाणी रंगवली, असं घरी येणाऱ्या स्पृहाने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. फुलं कसली, भांडण जुंपल्यासारखी एकमेकांच्या अंगावर आलेली. आणि ते बघून नवऱ्याने, माधवरावांनी काढलेलं चित्र त्याच्याही वरताण. हाच माणूस जन्मभर शाळेत मुलांना जास्वंदीचे पुंकेसर मोजून काढायला लावत होता.

"डाव्या हाताने जमतंय हळूहळू," असं माधवराव म्हणत. दिवाळीआधी पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असे. तोवर बाई सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला मुलाकडे, आमोदकडे, नातू सांभाळायला असायच्या. झटक्यानंतर त्या कर्वेनगरला परत आल्या, नातू पाळणाघरात गेला, आणि आता त्या नवऱ्याला भरवत होत्या.

डाव्या हाताने म्हणे! बाईंनी मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. सगळे फटकारे वर उजवीकडून निघून खाली डावीकडे उतरले होते. चित्रकाराशी संसार केला की एवढं कळायला लागतं. असा फटकारा उजव्याच हाताचा. आणि या घरात रोज दुपारी येणारा धडधाकट उजवा हात एकच होता, स्पृहाचा.

स्पृहा सरांची जुनी विद्यार्थिनी. यायची ती खोलीचं दार लोटूनच घ्यायची. सरांना एकाग्रता लागते म्हणे. पुढच्या आठवड्यात तिने आणि तिच्या वर्गातल्यांनी सरांचं प्रदर्शन ठरवलं होतं, निमंत्रणंही गेली होती. चित्र पोरीचं आणि खाली सही माधवरावांची! कुणाच्या लक्षात आलं तर गावभर शोभा. मुलांच्या चित्राला चुकूनही ब्रश न लावणारा मास्तर म्हणून ज्याचं नाव, त्याच्या वाट्याला हे यावं! आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं त्यांनी ठरवलं.

स्पृहा आली तशी त्यांनी पिशवी उचलली.

"मी भाजीला चाललेय. वेळ लागेल," त्या जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या.

"अगं, भाजी तर कालच आणलीस," आतून माधवराव म्हणाले.

"काल मेथी मिळाली नव्हती."

सोसायटीच्या बाकावर थोडा वेळ काढून त्या वर आल्या. लॅचची किल्ली हलकेच फिरवली, चपला हातात घेतल्या आणि आपल्याच घरात चोरपावलांनी शिरल्या. खोलीच्या दाराची फट पुरेशी होती.

स्पृहा खिडकीत बसून मोबाइल बघत होती. चित्रासमोर माधवराव होते. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून उचललं, कॅनव्हासपाशी नेलं आणि सोडून दिलं. हात पडला नाही. थरथरला, आणि थरथरतच वरून खाली उतरला. एक पाकळी झाली.

बाईंना इतका आनंद झाला, की त्या दार ढकलणारच होत्या. मग आठवलं, सकाळीच या माणसाला आपण चमच्याने पोहे भरवले आणि याने निमूट आ केला. त्यांना असा काही संताप आला, की त्या तशाच स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या.

पाणी न्यायला आलेली स्पृहा त्यांना बघून थबकली.

"काकू... सरांनीच बजावलंय, तुम्हाला सांगू नको म्हणून."

"का? मी दृष्ट लावणार होते?"

स्पृहा हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. "हात सुधारला असं कळलं, की सोमवारी आमोददादा तुम्हाला न्यायला येईल, म्हणाले."

हिंजवडीच्या त्या सगळ्या वर्षांत माधवराव एकटे डबा खात राहिले होते. दर सोमवारी म्हणायचे, "जा तू, मला काय होतंय." राहा, असं एकदाही म्हणाले नव्हते. बाईंना रडू आलं, आणि ते स्पृहासमोर आलं याचा पुन्हा राग आला.

"मी आले होते हे त्यांना कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "आणि ब्रश बेसिनमध्ये धुवू नकोस. डाग पडतात."

मग खाली जाऊन मेथी आणावीच लागली.

संध्याकाळी आमोदचा व्हिडिओ कॉल आला. माधवराव सोफ्यावर बसले होते, उजवा हात मांडीवर, चेहरा आजाऱ्याचा. अंगठ्याच्या नखाशी लाल रंग तसाच होता. मंदाकिनीबाईंनी फोन वाजू दिला. पदराचं टोक ओलं करून आधी तो रंग नीट पुसला. माधवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. बाईंनी त्यांच्या मांडीवर शाल पांघरली, एका हाताने ती आतून धरून शेजारी बसल्या आणि मग फोन घेतला.

"आई, बाबांच्या हातात काही फरक?" आमोदने विचारलं. "पाळणाघरवाल्या विचारतायत, पुढे काय करायचं म्हणून."

"पाळणाघर चालू राहू दे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हाताला अजून बराच वेळ लागेल."

शालीखाली त्यांची बोटं कुणीतरी धरली. पकड चांगली घट्ट होती.