दहा फुटांवर शालन

वाइड लेन्स विकली त्या दुपारी तारळेकरांची खोली सव्वादोन फुटांनी अरुंद झाली. त्यांनी टेप लावून मोजलं. स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर ते याच टेपने मोजत, म्हणून तिच्यावर त्यांचा भरवसा होता. साडेदहा फुटांची रुंदी सव्वाआठ भरली. भिंतीला तडा गेला नव्हता, फरशी उखडली नव्हती. कॅलेंडर, देवांचा कोनाडा, दोन खुर्च्या, सगळं जागच्या जागी होतं, नुसतं एकमेकांजवळ सरकलं होतं.

"अहो, कपाट एवढं पुढं का ओढलंत?" खोलीच्या पार टोकाला कॉटवर बसलेल्या शालनने विचारलं.

"मी नाही ओढलं. भिंत आली."

"बरं," शालन म्हणाली आणि खोकायला लागली.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागे त्यांची ही एकच लांबोळकी खोली होती. स्टुडिओ बंद करून चार वर्षं झाली होती. रघुवीर तारळेकरांनी चौतीस वर्षं एकाच कॅमेऱ्यावर काढली होती. काळा, चौकोनी, पोटाशी धरून वरून खाली बघायचा. निगेटिव्हही चौकोनी, एका रोलात बारा. उजव्या अंगठ्याच्या जागी त्याचं कातडं झिजून खालचा पत्रा दिसत होता, आणि पट्टा चांभाराकडून तीनदा शिवून घेतलेला होता. गावातल्या निम्म्या बायका नवरी म्हणून या कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या. फोटो ते काढायचे, पण धुवायची शालन. वीस वर्षं ती डार्करूममध्ये उभी राहिली. आता तिच्या छातीत श्वास मावत नव्हता. डार्करूममधल्या हवेने झालं का हे, असं तारळेकरांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या होत्या, "आता विचारून काय उपयोग?"

म्हणून कॅमेरा विकला. निपाणीचे हुक्केरी आले. तंबाखूच्या वखारीत कारकुनी करून निवृत्त झालेले, हाफ स्वेटर घालणारे, हळू बोलणारे गृहस्थ. लेन्स उचलताना त्यांनी दुसरा हात खाली धरला, बाळाचं डोकं धरावं तसा. तारळेकरांना ते आवडलं. हुक्केरींनी सगळे पैसे पहिल्याच दिवशी दिले, आणि त्याच आठवड्यात त्यातून शालनच्या उशाशी श्वासाचं मशीन आलं.

"एकदम सगळं नेलं तर तुम्हाला सोसायचं नाही," हुक्केरी म्हणाले होते. "दर मंगळवारी येतो, एकेक वस्तू नेतो. कॅमेरा शेवटाला."

चांगुलपणाच होता तो. तारळेकरांनी शब्द दिला. पहिल्या मंगळवारी वाइड लेन्स गेली होती.

दुसऱ्या मंगळवारी ट्रायपॉड गेला. तेव्हापासून घरात काही स्थिर राहीना. कपातला चहा एका कडेला चढून बसायचा. भिंतीवरचे फोटो सावकाश झुलायचे. शालनची कॉट सकाळी खिडकीखाली असायची आणि दुपारी मोरीपाशी. तारळेकरांनी ती वाळत घालायच्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधली, मशीन कॉटला बांधलं, आणि स्वतः भिंतीला धरून चालायला शिकले. भिंती रोज थोड्या आत सरकून आता तशा हाताशीच आल्या होत्या.

"बोटीत बसल्यासारखं वाटतंय," शालन म्हणाली. "आपण कधी बसलोच नाही बोटीत."

"बरी झालीस की मालवणला जाऊ."

"इथंच बसलोय की," ती हसली. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं.

तिसऱ्या मंगळवारी हुक्केरींनी चेहऱ्यांची लेन्स नेली. लांबून चेहरा जवळ आणणारी, मोठी. तारळेकरांनी शालनचा पहिला फोटो याच लेन्सने काढला होता, लग्नाआधी, तिच्या काकांच्या अंगणात, तिला कळू न देता. हुक्केरी लेन्सची डबी बगलेत धरून गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले, आणि तारळेकर दुपारची गोळी द्यायला शालनकडे निघाले. ते चालले, पण पोचले नाहीत.

शालन दहा फुटांवर होती. ते दोन पावलं पुढे गेले, तरी दहाच फुटांवर. टेप पसरून बघितली, दहा. कॉट दोरीला होती तिथेच होती. शालन हात पुढे करून बसली होती.

"या की," ती म्हणाली.

"येतोय."

ते घामाघूम होईपर्यंत चालले. मग गोळी ताटलीत ठेवून ताटली फरशीवरून सरकवली. ती गेली, गेली आणि शालनच्या अलीकडे थांबली. केरसुणीच्या दांड्याने ढकलली. दांडा लांब झाला नाही, अंतर कमी झालं नाही. शेवटी त्यांनी गोळी फेकली. शालनने ओंजळ धरली. गोळी वाटेतच कुठेतरी थकली आणि खाली पडली.

डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या अरुंद दारातून आडव्या होऊन आत आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि गळ्यातलं यंत्र कानाला लावून समोर बघत राहिल्या.

"इतक्या लांबून मला छाती तपासता येणार नाही."

"मग काय करायचं?"

"त्यांना जवळ आणा," त्या म्हणाल्या, आणि आडव्या होऊनच बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी तारळेकरांनी निपाणीची एसटी पकडली. लेन्स परत मागायची होती. पैसे उरले नव्हते, पण पाय धरता येतात.

हुक्केरींचं घर बाहेरून दोन खणी होतं. आत शिरल्यावर समोर दिवाणखाना लागला, आणि तारळेकर चालत राहिले. डाव्या हाताला त्यांनी चौदा खिडक्या मोजल्या. रुंदी इतकी, की उजवीकडची भिंत निळसर दिसत होती, पावसाळ्यातल्या डोंगरासारखी. पार पलीकडे हुक्केरी खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून एक म्हातारी बाई बसली होती. दोघं एकाच ताटात भाकरी खात होती. पेल्यातलं पाणी काचेसारखं थांबलेलं होतं.

"ही माझी थोरली बहीण, गोदाक्का," हुक्केरी म्हणाले. "बारा वर्षं बोलत नव्हती. घराच्या वाटणीवरून. ह्याच गल्लीत राहायची, पण दिसायची नाही. काल लेन्स टेबलावर ठेवली आणि बघतो तर ही शेजारी."

"लेन्स मागायला आलाय काय?" गोदाक्काने विचारलं. तिने हुक्केरींच्या स्वेटरची बाही मुठीत धरली होती.

तारळेकरांनी होकाराची मान हलवली. "माझी बायको दहा फुटांवर आहे. औषध पोचत नाही तिला."

गोदाक्काने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"परत दिली तर ही जाणार," हुक्केरी शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तारळेकर, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

तारळेकरांनी खूप विचार केला. वाकून पाय धरायला ते आले होते, पण त्यांना वाकता आलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. ते चौदा खिडक्या ओलांडून बाहेर आले. मागून हुक्केरींनी हाक मारली, "मंगळवारी येतो हां."

घरी आल्यावर त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला. त्याची अंगची साधी लेन्स अजून त्याला होती. आता देऊन टाकायचाच तर पुसून द्यावा. मऊ ब्रशने त्यांनी कडा झाडल्या, खटका दाबून वरचं झाकण उघडलं, तसे काचेभोवतीचे चार पत्रे उभे राहिले. आतल्या काचेवर खोली उतरली, आणि काचेवर शालन होती, अंगठ्याएवढी. दहा फुटांवर नव्हती, इथे होती. पदराचे काठ दिसत होते, नाकातली नळी दिसत होती. तारळेकरांनी करंगळी काचेला लावली. शालनने समोरच्या कॉटवर दचकून खांदा धरला.

"अहो! कुणी शिवलं मला?"

"मीच," तारळेकर म्हणाले, आणि त्यांना रडू आलं. एक थेंब काचेवर पडला असता, तो त्यांनी वरच्यावर बाहीने झेलला. ती बुडाली असती.

त्यांनी गोळी कुटली. सुईच्या टोकाने एक कण उचलून काचेवर ठेवला. शालनने तो घेतला. उजव्या हाताची बाई, पण काचेवर डाव्या हाताने घेतला, कारण या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. तिच्या हाती पोचेपर्यंत कण गोळीएवढा झाला होता. पाणी दिलं ते कापसाच्या टोकाने. भाताचं शीत दिलं, तर ते तिला दोन दिवस पुरलं.

शनिवारी दुपारी वीज गेली आणि मशीन थांबलं. शालनचे ओठ निळे व्हायला लागले. तारळेकरांनी काचेवर तोंड नेलं आणि हळू, अगदी हळू फुंकर घातली. तिचे केस उडाले. तिने श्वास घेतला. त्यांनी पुन्हा फुंकर घातली. वीज यायला साडेतीन तास लागले. तेवढा वेळ ते श्वास घेत राहिले आणि तिला देत राहिले. डोळ्यांपुढे काजवे आले, जबडा दुखून आला, पण लय सोडली नाही.

"पुरे आता, तुम्ही जेवा," वीज आल्यावर शालन म्हणाली.

इतकी जवळ ती कित्येक वर्षांत नव्हती.

मंगळवारी अकराच्या गाडीने हुक्केरी आले. दारातून त्यांना आत येता येईना, ते उंबऱ्यावर उभे राहिले.

"आज कॅमेरा," ते म्हणाले.

"देत नाही," तारळेकर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शब्द मोडला. "पैसे फेडीन. लोकांची दारं पुसून फेडीन. पण हा देत नाही."

"बरं," हुक्केरी म्हणाले. रागावले नाहीत. पायरीवर रुमाल अंथरून बसले. "मी थांबतो."

ते थांबले, आणि भिंती भराभर आत यायला लागल्या. बाराला दोन्ही खुर्च्या एकमेकींत शिरल्या. एकला कपाट चपटं होऊन भिंतीला कागदासारखं चिकटलं. दोनला तारळेकरांना समोर तोंड करून उभं राहता येईना. पलीकडच्या टोकाला कॉटचे पाय करकरले. शालन कुशीवर वळली, कारण उताणं झोपायला जागा नव्हती.

"हुक्केरी, थांबवा हे."

"मी काय करायलोय? मी बसलोय नुसता," हुक्केरी म्हणाले, आणि ते खरं होतं.

तीन वाजता खोली दीड फूट उरली. मशीन भिंतीत दबून एकदा घुरघुरलं आणि बंद पडलं. तारळेकरांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता, छातीशी धरायला जागा नव्हती. तिथून काच दिसत नव्हती. काच दिसत नव्हती म्हणजे फुंकर घालता येत नव्हती.

"अहो," शालनचा आवाज आला, अर्धाच.

तारळेकर आडवे सरकत दारापर्यंत आले. कॅमेरा त्यांनी हुक्केरींच्या हातात ठेवला.

"एक फोटो उरलाय रोलात, बारावा. आम्हा दोघांचा काढा. मग न्या."

"मला येतं की नाही कुणास ठाऊक."

"पोटाशी धरा. वरून बघा. आम्ही दोघं काचेवर दिसलो की बटण दाबा."

ते पुन्हा आत सरकले. भिंत पाठीला आणि छातीला, दोन्हीकडून लागत होती. समोर शालन, दहा फुटांवर. आणखी सरकले. दहाच. तिचा चेहरा करडा पडला होता, पण ती त्यांच्याकडेच बघत होती.

"दिसतोय का?" ते ओरडले.

"दिसताय," दारातून हुक्केरी म्हणाले. त्यांनी मान खाली घातली होती. "जवळच आहात की. एकदम जवळ. खांद्यावर हात ठेवा वहिनींच्या."

तारळेकरांनी हात पुढे केला. हात हवेत होता.

"ठेवला?" तारळेकरांनी विचारलं.

"थोडा वर. हां. आता हलू नका."

खटका वाजला, आणि सगळीकडे अंधार झाला.

तारळेकरांचा हात खांद्यावर होता. गरम, हाडाचा, ओळखीचा खांदा. शालनने एक खोल श्वास घेतला, मग दुसरा. ती खोकली नाही. त्यांनी तिला धरून ठेवलं, आणि भिंती कुठेच लागल्या नाहीत.

"अहो, दिवा लावा," ती म्हणाली.

पण तो दिवा त्यांच्या हातात नव्हता. या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर जातो, आणि बाहेरून कुणी हँडल फिरवेपर्यंत काच काळीच राहते.

"काळं पडलं की हो सगळं," वरून, फार वरून हुक्केरींचा आवाज आला. "तारळेकर? कुठं गेलात?"

"हँडल फिरवा!" तारळेकर ओरडले. "उजव्या बाजूचं हँडल! फिरवा!"

हँडल फिरलं नाही. मग एकामागून एक चार पत्रे मिटल्याचा आवाज आला, आणि वरचं झाकण बसलं. शालनने त्यांचा हात घट्ट धरला. पायाखालची जमीन अलगद उचलली गेली आणि कुणाच्या तरी पावलांबरोबर झुलायला लागली.