सलोनी बोलली, पण कुठं?

अडीच वर्षांची झाली तरी सलोनी बोलत नव्हती, याची घरात सगळ्यांना काळजी होती. आजीला, म्हणजे भागुबाईला, मात्र त्यात थोडी सोयही दिसली होती.

गोष्ट दोन हजार दोन सालची. निफाडहून लेकाकडे सिडकोत राहायला आली आणि भागुबाईच्या रक्तात साखर निघाली. सून पल्लवीनं गुळाचा डबासुद्धा माळ्यावर चढवला. पण संध्याकाळी नातीला फिरवायला न्यायचं काम भागुबाईकडंच होतं, आणि देवळाच्या कोपऱ्यावर जिलबीची गाडी लागायची. एक तुकडा सलोनीला, बाकी सगळी आजीला. मग पदरानं दोघींची तोंडं पुसली की झालं. साक्षीदार एकच, सलोनी, आणि तिला चुगली करता येत नव्हती.

एका संध्याकाळी भागुबाईनं शेवटचं वेटोळं तोंडात टाकलं आणि सलोनी खणखणीत म्हणाली, "आजी, मला आजून!"

भागुबाईला ठसकाच लागला. डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानं की आनंदानं, तिचं तिलाच कळेना. "काय म्हनली माझी बाय? परत म्हन!"

सलोनीनं परत म्हटलं. भागुबाईनं परत जिलबी घेतली.

बातमी सांगायला ती लगबगीनं घरी आली आणि दारातच थबकली. पोर काय बोलली हे सांगायचं, तर कुठं बोलली हेही सांगावं लागणार! "सलोनी, 'आजी' म्हन बरं," ती हळूच म्हणाली. सलोनी बाहुलीचा पाय चघळत बसली.

जेवताना भागुबाईचा लेक मनोज म्हणाला, "उद्या हिचे कान तपासायचेत. ऐकूच येत नसेल कदाचित." वाढता वाढता पल्लवी रडायला लागली. भागुबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"तिला ऐकू येतं," ती शेवटी म्हणाली. "बोलती बी."

"कधी बोलली?"

"आजच."

"कुठं?"

ताटातल्या मेथीकडं बघत भागुबाई म्हणाली, "जिलबीच्या गाडीवर."

पल्लवीचं रडं जागच्या जागी थांबलं. "आई! तुम्ही जिलबी..."

"ते मागून बोल. आदी पोरीचं बघ!"

मनोजनं स्कूटर काढली. चौघं दाटीवाटीनं बसून कोपऱ्यावर पोचले. गाडीवाल्यानं तोंडभरून हसून विचारलं, "आजी, आज दुसऱ्यांदा? रोजच्याइतकीच देऊ?"

भागुबाई देवळाचा कळस न्याहाळू लागली.

पल्लवीच्या हातात पुडा आला तशी सलोनी पुढं झुकली. "मला दे. आजीला पन दे!"

पल्लवीनं भर रस्त्यात लेकीला छातीशी कवटाळलं. रडत होती, हसत होती, आणि मधूनच सासूकडं डोळे वटारून बघत होती.

दुसऱ्या दिवशी कान तपासलेच. ते ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी पोरीशी भरपूर बोलत राहायला सांगितलं. दिवाळी येईपर्यंत सलोनीच्या तोंडाची टकळी अशी सुरू झाली की थांबेना. भागुबाईनं देवापुढची खडीसाखर नुसती उचलली, तरी हाळी पडायची, "मम्मी, आजी खाते!"

एके दुपारी भागुबाई शेजारच्या गुलजारबीकडं जाऊन बसली. गुलजारबीचा नातू आवेज नुकताच रांगायला लागला होता. त्याच्या गालाला हात लावत भागुबाई म्हणाली, "लय गुनाचं पोर हाय. तू दिवसभर दमत असशील, गुलजारबी. संध्याकाळी मी आनत जाईन की याला फिरवून!"