उर्होची रायफल

रायफलच्या बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग अंगठ्याएवढ्या जागेत झिजून आतलं लोखंड पांढरं पडलं होतं. म्हणजे वापरलेली आहे, भरपूर वापरलेली... पण वापरून झिजणं वेगळं आणि पडून गंजणं वेगळं, असं मनाशी म्हणत रेनोने मूठ उचलून बोल्ट मागे ओढला. तो घासला नाही, लोण्यातून यावा तसा आला. चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, त्यावर आयलीच्या अक्षरात ऐंशी डॉलर. एवढी स्वस्त का? दस्त्याला हाताने पकडायच्या अरुंद जागी तडा होता, कुणीतरी तो तांब्याच्या तारेने आवळून ठेवला होता. पण तेवढ्यासाठी कुणी उर्होची रायफल ऐंशीला काढत नाही. उर्हो साल्मीची रायफल — जिने दरवर्षी, न चुकता, शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी हरीण पाडलं, ती रायफल.

उर्होची बायको आयली स्वयंपाकघरात टेबलाच्या पलीकडे उभी राहून वेलदोड्याचा पाव कापत होती. उर्होला जाऊन सात महिने झाले होते. ती आणि रेनो एका वर्गात होते, एका चर्चमध्ये वाढले होते, आणि उर्होने व रेनोने लोखंडाच्या खाणीत एकाच पाळीत बावीस वर्षं काढली होती. तिने रेनोपुढे कॉफी ठेवली, काठोकाठ. रेनोने कपाकडे पाहिलं आणि हात मांडीवरच राहू दिला. घरी तो स्वतःच ओतून घेतो, अर्धाच कप, आणि बायकोला, डोरीनला, वाटतं डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय...

मोसम उघडायला चार दिवस होते. मेहुणा वेस रोज फोन करत होता, रायफल मिळाली का म्हणून. गेल्या डिसेंबरात रेनोने स्वतःची विकून टाकली होती, तिच्यावरच्या दुर्बिणीचा स्क्रू धरत नाही असं सगळ्यांना सांगून. स्क्रू खरोखरच ढिला होता. अर्धा आटा असेल, पाऊण असेल. तेवढ्याने गोळी किती सरकते? हे गणित तो वर्षभर मांडत होता — आंघोळीत, गाडीत, प्रार्थनेच्या वेळी — आणि ते कधी सुटत नव्हतं, कारण ते सुटावं असं त्याला वाटतच नव्हतं.

गेल्या मोसमात तो दलदलीच्या काठाने अलीकडे सरकला होता. वेसला न सांगता. वेस धरून चालला होता की रेनो पलीकडेच आहे. मग हरीण दिसलं, आडवं, निवांत, आणि चाप ओढताना उजव्या हाताला तो हिसका बसला, कुणी मागून कोपर ढकलावं तसा. हरीण उडी मारून गेलं. आणि जरा वेळाने झाडांमागून वेसचा आवाज आला, कोण रे हा आंधळा. रेनो पोहोचला तेव्हा वेस हसत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. शेजारच्या भूर्जाच्या झाडाची साल फाटून लोंबत होती, बरोबर त्याच्या कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर. शिकागोहून आलेला कुणी नवखा शिकारी असणार, वेस म्हणाला. त्या सकाळी चहूकडे बार उडत होते.

"असेल," रेनो म्हणाला होता.

एवढा एकच शब्द. बाकीचं सगळं त्या एका शब्दाखाली दाबून ठेवलं होतं.

आयलीने विचारलं, गोळी मारून बघणार का. रेनो म्हणाला, बघितल्याशिवाय कसं सांगणार. खरं तर तो त्यासाठीच आला होता. रायफल चांगली निघाली आणि आपल्या हातून गोळी सरळ गेली, तर दोष त्या जुन्या स्क्रूचा होता. मग गुरुवारी काडतुसं घ्यायची, शुक्रवारी वेसबरोबर जायचं, आणि तो भूर्ज... तो भूर्ज विसरायचा.

घरामागे खडी काढून सोडून दिलेला खड्डा होता. सरोवरावरून वारा येत होता, पण खाली वारा लागत नव्हता. आयलीने फळीवर कागदी ताटली ठोकली, शंभर पावलांवर. रेनो तुटक्या बाकावर बसला, दस्ता खांद्याला टेकवला, श्वास सोडला. पहिली गोळी ताटलीच्या कडेला लागली. दुसरी फळीत. तिसरी कुठे गेली ते दिसलंच नाही, फक्त मागच्या मातीतून थोडी धूळ उठली.

आणि त्याला बरं वाटलं. असं बरं की त्याला आत कुठेतरी लाज वाटली. नळी गेलीय, तो म्हणाला, आतून खाल्ली असणार, म्हणून स्वस्त. तो भरभर बोलत होता. वाईट रायफली असतात, जगभर असतात, माझीही तशीच होती. चांगल्या माणसाच्या हातात वाईट हत्यार आलं तर तो काय करणार... आयलीने हातमोजे काढून खिशात ठेवले, त्याच्या हातून रायफल घेतली, तीन काडतुसं भरली, आणि बाकावर न बसता उभ्यानेच तीन बार काढले. घाई न करता, कपडे वाळत घालताना चिमटे लावावेत तसे.

ती ताटली घेऊन आली. तीन भोकं, कपाच्या बुडाखाली झाकतील एवढी जवळ. रेनो ताटलीकडे बघत राहिला. कानात बारांचा सूर घुमत होता, आणि गेल्या वर्षभराचं गणित समोर सुटून पडलं होतं.

"कधी शिकलीस?" त्याने विचारलं.

"उर्होच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, तो नव्हता रे, मागचा पडदाच गेला होता. शेवटची नऊ वर्षं पन्नास पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं त्याला."

"मग ती हरणं?"

"माझी. शिकारीचे परवाने दोघांचेही असायचे. तो शेजारी बसून सांगायचा वारा कुठून आहे ते. ते मात्र त्याला बरोबर कळायचं." तिने ताटलीची घडी घातली. "कुणाला सांगू नकोस म्हणायचा. मी नाही सांगितलं. आता तो नाही, म्हणून तुला सांगतेय. आणि एकटीला रानात जायचं नाही, म्हणून रायफल स्वस्तात काढली."

रेनोला हसू आलं, थोडं, मग जास्त, आणि ते थांबवता येईना. उर्हो. खानावळीत मध्यभागी बसून, टोपी मागे सारून हरणाची गोष्ट सांगणारा उर्हो, आणि आम्ही सगळे ऐकतोय. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला,

"हात थरथरतो माझा. दीड वर्ष झालं."

"माहितेय."

"कसं?"

"कॉफीला हात लावला नाहीस."

मग त्याने भूर्जाचंही सांगितलं. उभ्या उभ्याच, तिच्याकडे न बघता, खड्ड्यातल्या गोट्यांशी बोलावं तसं. तिने सगळं ऐकून घेतलं. काही होत नाही असं म्हणाली नाही, देवाचे आभार मान असंही म्हणाली नाही. फक्त विचारलं, वेसला ठाऊक आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाली, "त्याला सांग. आणि डॉक्टरकडे जा. उर्होसारखा नऊ वर्षं थांबू नकोस. रायफलचं नंतर बघू."

आत जाऊन त्याने कॉफी प्यायली, गार झालेली, दोन्ही हातांनी कप धरून. थोडी टेबलावर सांडली. आयलीने पुसली नाही, त्यानेही नाही. रायफल तशीच भिंतीला टेकून होती. घ्यावी का? डोरीनचा भाऊ नाही, आता डोरीनच शेजारी बसून गोळी मारेल का, वारा कुठून आहे ते मी सांगेन... ही कल्पना इतकी विचित्र होती की ती त्याने सोडून दिली, आणि सोडल्यावर परत धरली. पण घेतली काय, न घेतली काय, सकाळी येताना छातीवर जे दडपण होतं ते त्या प्रश्नाचं नव्हतंच.

जाताना आयलीने उरलेला पाव कागदात गुंडाळून दिला. वळणावर पोहोचेपर्यंत त्याने तो सगळा संपवला. कित्येक महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. घराकडे डावीकडे वळायचं होतं. तो उजवीकडे वळला, लाकडाच्या वखारीवरून, वेसच्या घराकडे. काय म्हणायचं ते मनात जुळवायला लागला, दोन वाक्यं जुळवली, ती खोटी वाटली, सोडून दिली. वेस चिडेल. कदाचित बोलणं टाकेल. कदाचित पुन्हा तसाच पांढऱ्या ओठांनी हसेल, आणि ते सगळ्यात अवघड जाईल. भीती होती, अगदी खरीखुरी... तरी ती निदान समोरून येत होती. वर्षभर मागून येत होती ती ही नव्हे.

वेस अंगणात लाकडं रचत होता. गाडी बघून त्याने हातातला ओंडका खाली ठेवला आणि खिडकीपाशी आला.

"घेतलीस का उर्होची रायफल?"

"अजून ठरलं नाही," रेनो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की वर्षभरात वेसला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. त्याने इंजीन बंद केलं. आता दुसरी सांगायची होती.