खिचडीच्या डेगचीत चावी

मी एक जुनी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची डेगची आहे. तेर गावातल्या एका शाळेत खिचडी शिजवते. मित्रांनो, धाराशिवहून येताना मी एसटीच्या टपावरून पडले. तेव्हाचा पोचा अजून अंगावर आहे. खिचडी जमली की स्वयंपाकीण हरणाबाईंचं कौतुक होतं, करपली की माझं बूड बदनाम!

एकदा विज्ञानाच्या दीपमालाबाईंनी मला नववीच्या वर्गात नेलं. एका प्रयोगासाठी माझ्या तळाशी नाणं ठेवायचं होतं. पण बाईंचे सगळे पैसे फोनमध्ये! शेवटी त्यांनी स्कूटीची चावी ठेवली.

"चावी काठाआड जाईपर्यंत मागं सरका. मग हलू नका," बाई म्हणाल्या.

पहिल्या गटातला शिवराज मागं सरकला. निकितानं हळूच पाणी ओतलं, आणि नाहीशी झालेली चावी त्याला पुन्हा दिसली!

"पाण्यानं चावी ढकलली," शिवराज म्हणाला.

"न्हाय, तूच मुंडी वर केलीस!" निकिता म्हणाली.

सगळेच गट भांडू लागले. तेवढ्यात हरणाबाई आल्या. "तिकडं गॅस पेटवून बसले मी, आन् माझी डेगची हितं आंघोळ करतीय व्हय?"

"मावशी, एकदा बघा तरी," निकितानं त्यांनाच उभं केलं. पाणी काढून पुन्हा ओतलं. चावी दिसताच हरणाबाई दचकल्या. "कुणी सरकवली रं?"

चावी हलू नये म्हणून ती चिकटवायला शिवराज चिखल आणायला निघाला.

"माझ्या डेगचीला चिखल? खबरदार!" म्हणत हरणाबाईंनी कणकेचा गोळा आणला. निकितानं त्या गोळ्यानं चावी तळाला पक्की बसवली. चावी काठाआड गेल्यावर हरणाबाईंनी शिवराजची मुंडी दोन्ही हातांनी धरली. पाणी पडलं.

"दिसतीय की!" शिवराज ओरडला. "चावी हलली न्हाय, मीबी हललो न्हाय!"

"मग हललं काय?" बाईंनी विचारलं.

निकिता हळूच म्हणाली, "उजेड?"

"बरोबर. पाण्यातून हवेत येताना उजेड वाकतो, म्हणून तळ वर आल्यासारखा दिसतो. हेच अपवर्तन."

इतक्यात मुख्याध्यापक रामलिंग सर आले. "खिचडीचं काय झालं?"

"सर, आधी हितं उभं ऱ्हावा," हरणाबाई म्हणाल्या. "मुंडी हलवू नका."

सर उभे राहिले. पाणी पडलं. सर डोळे बारीक करून चावीकडं बघू लागले. मग म्हणाले, "आणखी एकदा ओता बरं."

खिचडीला त्या दिवशी लई उशीर झाला.

मित्रांनो, एरवी माझ्यात डोकावणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "उरलीय का?" त्या दिवशी माझ्यात नुसतं पाणी होतं, तरी माझ्यापुढं रांग लागली. मला घासताना हात जरा हळू चालवा. आणि भूक नसतानाही कधीतरी येऊन आत डोकावून जा.