झालंच

शंतनूने कामाची पद्धत जितक्या वेळा सोडली होती, तितक्या वेळा लोक सिगारेटही सोडत नाहीत. आधी चार रंगांच्या पेनांची डायरी होती. मग ठरावीक मिनिटांनी वाजणारं घड्याळ आलं. ते एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणात वाजलं आणि गेलं. मग फोनमधली अ‍ॅप्स आली, एकापेक्षा एक देखणी. नव्या अ‍ॅपमध्ये जुनी कामं उतरवून घ्यायला अख्खा शनिवार जायचा, आणि त्या संध्याकाळी त्याला खरोखरच पुष्कळ काम झाल्यासारखं वाटायचं. त्याची बायको मृदुला या प्रकाराला शनिवारचं सोवळं म्हणायची.

पद्धत वाईट निघाली म्हणून त्याने कधीच सोडली नाही. चांगली पद्धत थोड्याच दिवसांत विचारायला लागते, की हे काम गेल्या मंगळवारपासून इथेच का बसलंय? अगदी सभ्यपणे, सासऱ्याने विचारावं तसं. मग माणूस दुसरी पद्धत शोधतो.

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या ज्या सरकारी खात्यात तो अ‍ॅनालिस्ट होता, तिथे टीमचा एक मोठा पांढरा बोर्ड होता. त्यावर तीन रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. रोज सकाळी बोर्डापुढे उभं राहून ज्याने त्याने आपापल्या चिठ्ठ्यांची हालहवाल सांगायची. एकदा मॅनेजर फिओनाने त्याच्या रिपोर्टचं विचारलं. शंतनू नुकताच अप्पर हटच्या ट्रेनमधून उतरून वाऱ्याशी झगडत आला होता. बेसावधपणे तोंडातून मराठी निघालं, “झालंच.”

म्हणजे काय, तिने विचारलं. आता ‘झालंच’ म्हणजे अजून हातही लावलेला नाही, पण तुम्ही विचारलंत ते मनाला लागलंय, हे पुण्यात कुणालाही कळतं. शंतनूने इंग्रजीत सांगितलं, झाल्यातच जमा. फिओनाला शब्द भलताच आवडला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर ‘किआ ओरा’ या माओरी नमस्काराच्या शेजारी चौथा रकाना आखलेला होता, रोमन लिपीत, झालंच. बघता बघता सगळ्यांच्या चिठ्ठ्या तिथे येऊन बसल्या. कुणाचंच काम अडलेलं दिसेना. इतर मजल्यांवरचे लोक बोर्ड बघायला येऊ लागले. शेवटचा रकाना तेवढा ओस पडला, पण तिकडे बघायची कुणाला गरज उरली नव्हती.

अशात खात्याच्या फेररचनेची घोषणा झाली. टीममधल्या तीन अ‍ॅनालिस्टांच्या दोन जागा होणार, आणि तिघांनीही आपल्याच जागेसाठी शुक्रवारी पाचपर्यंत अर्ज करायचा. शंतनूने पिवळ्या चिठ्ठीवर ‘अर्ज’ असं लिहिलं, आणि हात सवयीने चौथ्या रकान्याकडेच गेला.

अर्जात एकच मोठा प्रश्न होता: आपण आपल्या कामाचं नियोजन कसं करता, उदाहरणासह लिहा. हे लिहायचं तर आधी नियोजन हवं. म्हणून त्याने नवं अ‍ॅप घेतलं आणि अर्जाचे तुकडे पाडले. मुद्दे काढणे, मुद्दे तपासणे, तुकडे पुन्हा पाडणे. त्याचे वडील नानासाहेब पुण्याहून मुक्कामाला आले होते. ते रोज जेवताना विचारायचे, त्या अर्जाचं झालं का? तो म्हणायचा, झालंच. नाना आमटी वाढून घ्यायचे.

शुक्रवारी तो घरूनच काम करायचा. दुपारी नाना डायनिंग टेबलावर मटार सोलायला बसले. फ्रोझन मटार त्यांना मान्य नव्हते. समोर शंतनू लॅपटॉपवर तुकड्यांना रंग देत होता.

“त्या अर्जाचं झालं का रे?”

“झालंच, नाना.”

नानांनी एक शेंग फोडली. “एक ओळ तरी लिहिलीस?”

“मुद्दे काढलेत.”

“अरे, कचेरीत हयात गेली माझी. ‘झालंच’ ऐकत वर चढलो आणि ‘झालंच’ म्हणत रिटायर झालो. मला नको शिकवू.” आवाज चढला नव्हता. “भीती वाटतेय का?”

शंतनूने आणखी एका तुकड्याचा रंग बदलला. “लिहिला आणि जागा नाही मिळाली, तर?”

“तर निदान लिहून झालेला असेल.”

शंतनूने रंगीत अ‍ॅप बंद केलं आणि कोरं पान उघडलं. उदाहरण मागितलं होतं, म्हणून हेच दिलं: ज्या कामाची धास्ती वाटते त्याला मी सगळ्यांत सुंदर रंग देतो, आणि काम होतं ते कुणीतरी समोर बसून वाट बघत असलं तरच. पुन्हा वाचलं असतं तर पाठवलं नसतं. पाचाला थोडा अवकाश असताना अर्ज गेला. नानांचे मटार केव्हाच संपले होते. ते सालं चिवडत बसून राहिले होते.

सोमवारी त्याने आपली चिठ्ठी ‘झालं’मध्ये नेऊन लावली. ती तिथे एकटीच होती, चुकीच्या स्टेशनावर उतरल्यासारखी.

निकाल कळायचा दिवस आला आणि गेला. आणखी आठवडाभराने त्याने फिओनाला लिफ्टपाशी गाठलं आणि जागांचं ठरलं का, ते विचारलं. तिने प्रसन्नपणे अंगठा वर केला.

“झॅलच, शॅन. स्वीट अ‍ॅज.” म्हणजे तिकडच्या बोलीत, एकदम मस्त.

लिफ्टचं दार मिटलं. आपण तिला शिकवला तो अर्थ धरायचा, की आपल्याला ठाऊक आहे तो, हे ठरवत शंतनू तिथेच उभा राहिला. त्या इमारतीत हे विचारावं असं मराठी कळणारं दुसरं कुणी नव्हतं.

संध्याकाळी नाना पुन्हा मटार घेऊन बसले होते. “ठरवून झालं का त्यांचं?”

शब्द जिभेवर आला होता. शंतनूने तो गिळला. “नाही नाना. काहीच झालेलं नाही.”

नानांनी मान डोलावली, आणि अर्ध्या शेंगा त्याच्या पुढ्यात सरकवल्या.